उलांडी

काल दुपारपासून मी पाण्यात गेलेलो नाही.
उडायचं असेल तर आधी अठरा तास
समुद्र अंगातून उतरू द्यावा लागतो,
नाहीतर रक्त सोड्याच्या बाटलीसारखं फसफसतं.
म्हणून रात्री दांडीच्या वाळूत नुसता बसून राहिलो,
लाट आली की पाय मागे घेत,
पाहुण्यासारखा.

सकाळी आयेनं बॅग
बांगडे तोलायच्या काट्याला अडकवली.
सतरा किलो. पंधराची परवानगी.
काय कमी करू?
मास्क, जोडीला मास्क.
टॉर्च, जोडीला टॉर्च.
फिनचे पट्टे चार, पाय दोनच.
रेग्युलेटर दोन. आणि ती छोटी बाटली,
तीन लिटरची, लहान मुलाच्या मांडीएवढी,
जी सात वर्षांत मी एकदाच वापरली.
दोन-दोन कित्याक, असं तिनं विचारलं नाही.
तिच्या सासऱ्याच्या होडीला उलांडी होती:
बाजूला बांधलेलं पांगाऱ्याचं लाकूड,
जे मासे धरत नाही, वल्हं मारत नाही,
नुसतं शेजारून चालतं
आणि होडी कलंडू देत नाही.
तिनं आगळाची बाटली काढून ठेवली
आणि जड बूट माझ्या पायांत घालायला लावले.

चिपीचा सडा. वारा.
तपासणीला चेंदवणकर म्हणून एक, कुडाळकडचा.
"ह्या काय?"
"बाटली. हवेची."
"हवा आसा आत?"
"थोडी."
"मग सोड ती. हवा घेवन हवेत जावक गावाचा नाय."

मी व्हॉल्व्ह फिरवला.
परवा दांडीला भरलेली हवा फुसकारत सुटली.
तिला वास नसतो, नसावाच, फिल्टर असतात,
तरी मला आलं त्यात डिझेल,
वाळत घातलेली सुंगटं
आणि कॉम्प्रेसरवाल्या पावलूची विडी.
रांगेतलं एक पोर खिदळलं.
मग पान्यानं व्हॉल्व्हच काढून दाखवला.
विहिरीत पडलेली घागर शोधावी
तसा चेंदवणकर टॉर्च मारून आत बघत राहिला.
"काय नाय," म्हणाला. आणि जरा थांबून,
"रिकामी तर इतकी जड कित्याक?"

निवतीच्या खडकांपाशी, चौदा मीटरवर,
हात लांबवला तर बोटं दिसेनात असं पाणी.
इचलकरंजीचा एक सूतवाला, चांगला धट्टाकट्टा.
बोटीवर तीनदा शिकवलं होतं:
घाबरलात तर हा पिवळा घ्या,
माझ्या छातीवरचा, तुमच्यासाठीच आहे.
हो हो म्हणाला.
खाली त्यानं पिवळ्याकडे पाहिलंही नाही.
माझ्या तोंडातला ओढला.
बुडणाऱ्याला
दुसऱ्याच्या तोंडात चालू असलेलाच श्वास खरा वाटतो.
पिवळा त्याच्या गुडघ्यात अडकलेला.
तेव्हा मी ही उघडली.
तोवर समजत होतो,
जादा घेतलेलं सगळं दुसऱ्यांसाठी असतं.

वर आल्यावर तो रडला, मग दोन प्लेट भजी खाल्ली.
दिवाळीला अजून मेसेज पाठवतो.

हे चेंदवणकराला कुठे सांगत बसू, मागे रांग.
"पोलाद आसा," म्हटलं.

विमानात एका मुलीनं पिवळा मास्क हलवून दाखवला.
आधी स्वतःचा, मग शेजारच्याचा.
शेजारचा पेपर वाचत होता.
मी त्याचे हात नीट बघून ठेवले.

मग सडा सुटला, किनारा वळला,
निवतीचे खडक दोन मिऱ्यांएवढे.
होड्या दिसल्या.
उलांड्या इतक्या वरून दिसत नाहीत.

आता पायाखाली, सामानात कुठेतरी,
व्हॉल्व्ह मोज्यात गुंडाळलेला
आणि बाटलीचं तोंड उघडं.
बेटावर उतरलो की भरून घेईन
तिथल्या कुणाच्या तरी कॉम्प्रेसरवर,
तिथल्या विडीसकट.
तोवर हा एकच,
नाकानं घेतोय,
नवशिक्यासारखा मोजून.